परतीआधीचे पाच आठवडे

परदेशी सत्राला निघताना मुलं मला व्हिसा, खोली आणि थंडीचे कपडे यांबद्दल लिहितात. जूनच्या अखेरीस येणारी पत्रं वेगळी असतात. सत्र संपत आलेलं असतं, परीक्षा डोक्यावर असते, परतीचं तिकीट काढलेलं असतं आणि आधी कशाला हात घालावा हे सुचत नसतं. या वेळच्या सगळ्या पत्रांना उत्तर देताना मी एकच गोष्ट धरून चालले आहे: जी कामं तिथे असतानाच होतात, ती आधी उरका. तिथे एका भेटीत मिळणाऱ्या सहीसाठी बडोद्यात बसून महिनोन्महिने मेल करणारी मुलं मी पाहिली आहेत.

ताई, मी ड्रेस्डेनला एका सत्रासाठी आलोय. पाच आठवड्यांनी परत निघायचं आहे. चार परीक्षा आहेत, मित्रांबरोबर प्रागलाही जायचंय. खोली, बँक, कागदपत्रं, यातलं आधी काय करू?
– विद्यार्थी, मूळचा मांजलपूरचा

आधी परीक्षेची नोंदणी तपास. जर्मनीत वर्गाला बसलास म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं होत नाही. नाव वेगळं नोंदवावं लागतं आणि त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. एखादा विषय झेपणार नसेल तर तो मुदतीतच काढून घे, नाहीतर गैरहजेरी नापासात धरली जाऊ शकते. फेरपरीक्षा बहुधा तू परत आल्यावर असेल, म्हणून ती तारीखही आत्ताच विचारून ठेव.

मग लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तिथे कोणते विषय शिकायचे याचा करार, काढून बघ. इथून निघताना जे विषय मंजूर झाले होते, तेच तू शिकलास का? बहुतेक मुलं पहिल्या पंधरवड्यात एखादा विषय बदलतात आणि बदलाच्या कागदावर तिन्ही सह्या घ्यायचं राहून जातं: तुझी, तिथल्या विद्यापीठाची आणि इथल्या विभागाची. तो कागद नसेल तर पास झालेला विषयही इथे मोजला जात नाही. प्रत्येक विषयाचं अधिकृत वर्णन, म्हणजे अभ्यासक्रम, तास आणि ईसीटीएस (युरोपातल्या पद्धतीची) क्रेडिट, उतरवून घे. युरोपात पूर्ण वर्षाची 60 क्रेडिट आणि सत्राची 30, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम धरतात. त्यात घरी केलेला अभ्यासही येतो. आपल्याकडे क्रेडिटचा हिशोब मुख्यतः वर्गातल्या तासांवर चालतो, त्यामुळे इथल्या विभागाला नुसता आकडा पुरत नाही, वर्णन लागतं. गुणपत्रक निकालानंतर येईल, पण किती तारखेपासून किती तारखेपर्यंत तिथे होतास याचं सही-शिक्क्याचं पत्र निघण्याआधी हातात घे. विद्यापीठाचा मेल काही काळाने बंद होतो. त्यातलं कामाचं सगळं स्वतःच्या मेलवर पाठव आणि गुणपत्रकासाठीही तोच पत्ता दे.

आता खोली. घर सोडताना पत्ता रद्द करायचा असतो, त्याला आबमेल्डुंग म्हणतात. घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून ते सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत ते करता येतं. तू निघण्याआधीच कर आणि मिळालेला कागद जपून ठेव. आरोग्य विमा बंद करायला तो लागतो. रेडिओ-टीव्हीची वर्गणीही आहे, घरामागे दरमहा 18.36 युरो. ती पत्ता रद्द केल्याने आपोआप थांबेल असं धरू नकोस, स्वतंत्रपणे बंद करून घे. इथे परतलेल्या मुलांच्या मागे या वर्गणीची थकबाकी वर्षभर लागलेली मी पाहिली आहे.

डिपॉझिटसाठी एवढं कर: किल्ली देताना खोलीच्या स्थितीचा लेखी कागद दोघांच्या सहीने करून घे आणि भिंती, बाथरूम, मीटरचे आकडे यांचे फोटो काढ. घरमालक रक्कम त्याच दिवशी देत नाही, हिशोब करून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी देतो. म्हणून जर्मन बँकेचं खातं लगेच बंद करू नकोस. आपल्या बँकांना आयबॅन, म्हणजे युरोपात चालणारा खाते क्रमांक, नसतो आणि तिथले घरमालक भारतात पैसे पाठवायला कुरकुर करतात. डिपॉझिट जमा झालं की खातं बंद कर.

आणि प्रागला जरूर जा, पण शेवटच्या आठवड्यात नको. पासपोर्टवरचा व्हिसा कोणत्या तारखेला संपतो ते पाहून मग तिकीट काढ.

मुलगा फ्रान्समध्ये आहे. पहिल्या सहामाही चाचणीत 20 पैकी 12. शाळेपासून नव्वद टक्क्यांखाली आला नव्हता. अंतिम परीक्षा तोंडावर आहे. लक्ष उडालंय का त्याचं?
– एक वडील, रावपुरा

नाही. तिथे 10 ला पास. 12 म्हणजे ठीक चांगलं, 14 म्हणजे चांगलं आणि 16 म्हणजे उत्तम. 20 पैकी 20 हा आकडा तिथले शिक्षक सहसा वापरतच नाहीत. 12 चे साठ टक्के करून त्याला फोनवर ऐकवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. परक्या भाषेत, परक्या पद्धतीने लिहिलेल्या पेपरात 12 मिळवणं हे कष्टाचं काम आहे. मात्र गुणांचं इथे रूपांतर कसं होणार, ते विभागाकडून लेखी मागायला त्याला सांगा. निकालाआधी ठरलेलं असेल तर नंतर वाद होत नाहीत.

माझा सत्र-निबंध पूर्ण होणार नाही. प्राध्यापक चांगले आहेत, पण मुदतवाढ मागायची लाज वाटते. परत येऊन मेल केला तर चालेल का?
– विद्यार्थिनी, मूळची कारेलीबागेतली

चालेल की नाही हे त्या प्राध्यापकांवर आहे, पण समोर जाऊन मागितलेल्या मुदतीचं वजन मेलला येत नाही. याच आठवड्यात त्यांच्या भेटीच्या वेळेत जा. झालेली पानं बरोबर ने, काय उरलंय ते सांग आणि एक तारीख दे. त्यांनी मान्य केलं की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाक, म्हणजे ते नोंदलं जाईल.

लाजेबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण ही गोष्ट आपल्या बडोद्याशी जोडलेली आहे. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. 1916 मध्ये ते लंडनला आले आणि अर्थशास्त्राचं काम सुरू केलं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून परतावं लागलं. निघण्याआधी त्यांनी प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरं करण्याची परवानगी मिळवली. परतीच्या प्रवासात त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती टॉर्पेडोने बुडाली. बडोद्यात नोकरीला आले तर याच शहरात त्यांना जातीपायी राहायला जागा मिळाली नाही. हे आपण बडोदेकरांनी विसरता कामा नये. एवढं सगळं होऊनही ती परवानगी शाबूत होती. 1920 मध्ये ते लंडनला परतले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले.

तेव्हा लाजू नकोस, जा. शिफारसपत्राचा विषयही त्याच भेटीत काढ. पुढे मास्टर्सला अर्ज करायचा असेल तर आज त्यांना तुझा चेहरा आणि तुझा निबंध आठवतो, दोन वर्षांनी आठवेलच असं नाही.

मी अमेरिकेत जे-वन व्हिसावर आहे. सत्र संपल्यावर 30 दिवस राहता येतं म्हणे. त्या दिवसांत नायगारा कॅनडाच्या बाजूने बघून परत न्यूयॉर्कहून विमान धरलं तर?
– विद्यार्थी, मूळचा फतेहगंजचा

असं करू नकोस. ते 30 दिवस अमेरिकेतच फिरायला आणि आवराआवरीला दिलेले असतात. डीएस-2019 या तुझ्या जे-वनच्या कागदावरची शेवटची तारीख उलटल्यावर देशाबाहेर पाऊल टाकलंस की जे-वनवर परत आत येता येत नाही. शिवाय कॅनडाचा व्हिसा भारतीयांना वेगळा काढावा लागतो. नायगारा अमेरिकेच्या बाजूने बघ, धबधब्याला अगदी लागून उभं राहता येतं. आणखी एक: कमाई शून्य असली तरी अमेरिकेच्या कर खात्याला फॉर्म 8843 भरून पाठवायचा असतो. तुझ्या विद्यापीठाच्या कार्यालयात विचार, ते भरायला मदत करतात.

उरलेल्या युरोचं काय करायचं? आणि कुकर, रजया, भांडी?
– दोन मैत्रिणी, एकाच खोलीतल्या

नाणी तिथेच खर्च करा, इथले पैसे बदलून देणारे नाणी घेत नाहीत. नोटा 2,000 डॉलरच्या किमतीपर्यंत जवळ ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून 180 दिवसांत बँकेत बदलून घ्या. कुकर आणि रजया पुढच्या सत्राला येणाऱ्या मुलींना द्या. दोघींनी गेल्या वर्षी तो कुकर इथून उचलून नेला होता, त्याचं वजन तुम्हाला ठाऊक आहेच.

मुलगी आयर्लंडहून परत येतेय. आम्ही आनंदात आहोत, पण ती फोनवर गप्प असते. म्हणते, "आत्ता कुठे रुळले होते." घरच्या बारा जणांनी अहमदाबादला विमानतळावर जायचं ठरवलंय, दुसऱ्याच दिवशी सत्यनारायण आहे. तिला घरी यायचंच नाही का?
– एक आई, दांडिया बाजार

यायचंय हो. पण ती काहीतरी सोडूनही येतेय आणि त्याबद्दल तिला वाईट वाटणं साहजिक आहे. परदेशी जाताना जसा धक्का बसतो तसाच परतताना बसतो, हे गलाहॉर्न या अभ्यासक दांपत्याने 1963 मध्येच मांडलं होतं. परतीचा धक्का जास्त बोचतो, कारण आपल्याच घरी अवघडल्यासारखं होईल अशी कोणाची अपेक्षा नसते.

तुम्ही स्वतःच आठवून बघा. नवरात्राचे नऊ दिवस आपल्या शहरात मुली गरबा खेळून रात्री उशिरा बिनधास्त घरी येतात, कोणी हटकत नाही. तुमची लेक सहा महिने रोज तशी वावरली. स्वतःचा बाजारहाट, स्वतःचा स्वयंपाक, स्वतःच्या वेळा. परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी "कुठे चाललीस, कोणाबरोबर, किती वाजता येशील" सुरू झालं तर ती अजून गप्प होईल. विचारू नका असं म्हणत नाही, पण आधीच्या रीतीने विचारू नका. तिच्या हातचं जेवायला मागा. तिथल्या मैत्रिणींची नावं लक्षात ठेवा. फोटो दाखवायला बसली तर शेवटचा फोटो येईपर्यंत बसा, मध्येच कुकरची शिट्टी झाली म्हणून उठू नका.

निघायच्या आधीच्या दिवसांत तिला रोज फोन करू नका. ते दिवस तिला तिथल्या माणसांचा निरोप घ्यायला लागतात.

पूजा जरूर करा, पण आठवड्याने. आणि अहमदाबादला तुम्ही दोघंच जा. बाकीच्या दहा जणांना रविवारी जेवायला बोलवा.