तीन गोष्टी, एक सूर : थाई प्रेमपटांबद्दल वाचकांचे प्रश्न

'रक् चेत् पी, दी चेत् होन्' (२०१२, परदेशात 'सेव्हन समथिंग') या तीन प्रेमकथांच्या थाई सिनेमावर मागच्या अंकात लेख होता. त्यावर आलेली बरीच पत्रं गोष्टीपेक्षा गाण्यांबद्दलच आहेत, म्हणून यावेळचं सदर बहुतेक संगीताला दिलं आहे.

तीन दिग्दर्शक, तीन वेगळ्या जोड्या. मग याला एक सिनेमा का म्हणायचं? तीन लघुपट एकापाठोपाठ लावले तर काय फरक पडतो? (सातारा)

नुसते लावले तर काहीच नाही, आणि अनेक अशा सिनेमांचं तेच होतं. या सिनेमात दोरा वयाचा आहे. पहिली गोष्ट चौदाव्या वर्षाची, दुसरी एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्याची, तिसरी बेचाळिसाव्याची. सगळे साताचे पाढे. जीटीएच या निर्मिती कंपनीच्या सात वर्षांच्या निमित्ताने सिनेमा काढला, म्हणून सात. तिसऱ्या गोष्टीचं नाव '४२.१९५' आहे, म्हणजे मॅरेथॉनचे किलोमीटर. वय आणि अंतर एकाच आकड्यात बसवलंय.

पहिल्या गोष्टीचे दिग्दर्शक पवीन पुरिजितपन्या भयपटातून आलेले, त्यामुळे शाळकरी प्रेमाची गोष्टही झटपट कापाकापीची. पोरगा आपलं प्रेम इंटरनेटवर टाकत सुटतो आणि पोरगी वैतागते. दुसरी अदिसॉर्न त्रेसिरिकसेम यांची: एकत्र सिनेमा गाजवलेली जोडी सात वर्षांनी पुन्हा समोरासमोर. तिसरी जीरा मालिकुल यांची: बातम्या देणारी बेचाळिशीची बाई आणि पळणारा तरुण. तो तरुण झालेला निचखुन हा कोरियातल्या 'टूपीएम' या बँडचा गायक. पण त्याला इथे पळायला लावलंय, हे आम्हाला आवडलं.

अनेक दिग्दर्शक म्हणजे अनेक गोष्टी असंही नाही. २००३ च्या 'फॅन छन'ला सहा दिग्दर्शक होते आणि गोष्ट एकच, लहानपणीच्या मैत्रिणीची. उलट आपल्याकडच्या 'बायोस्कोप'मध्ये (२०१५) चार दिग्दर्शकांनी चार कवितांवर चार गोष्टी केल्या. तिथे दोरा कवितेचा होता. असा सिनेमा बघताना एवढं पाहा: एखादी गोष्ट काढून टाकली तर उरलेल्यांचं काही बिघडतं का? बिघडत असेल तर तो एक सिनेमा.

थाई प्रेमपटात नायक-नायिका गाणी का म्हणत नाहीत? तरीही प्रत्येक सिनेमाचं एक गाणं गाजतंच. (लातूर)

म्हणायचे की! १९७० चा 'मोन रक् लुक थुंग' गाण्यांनी भरलेला होता आणि बँकॉकच्या थिएटरात महिनोन्‌महिने चालला. लुक थुंग म्हणजे शेतातलं, गावाकडचं गाणं: भाताची शेतं, शहरात गेलेला प्रियकर, गळ्यातली लांब थरथर. या गाण्याचा राजा म्हणून ज्याचं नाव घेतात त्या सुरफोन सोम्बत्चरोनचा १९६८ मध्ये गोळ्या घालून खून झाला. त्याची गाणी पेन-एक रत्तनारुआंग यांनी २००१ च्या 'मोनरक ट्रान्झिस्टर'मध्ये वापरली. गायक व्हायचं म्हणून सैन्यातून पळून गेलेल्या नवऱ्याची ती गोष्ट. त्यातली गाणी पात्रांच्या तोंडी आहेत आणि ती ऐकायलाच तो सिनेमा बघावा.

नंतरच्या शहरी प्रेमपटांत ओठांवरची गाणी गेली, पण गाणं गेलं नाही. कारण सरळ धंद्याचं आहे. जीटीएचमधला 'जी' म्हणजे जीएमएम, १९८३ पासून कॅसेटी आणि कलावंत सांभाळणारी ग्रॅमी ही संगीत कंपनी. संगीत कंपनीच्या घरात सिनेमा बनला की गाणं त्याची जाहिरात होतं आणि सिनेमा गाण्याची. ते गाणं शेवटच्या नामावलीवर वाजतं, किंवा नायकच बँडमध्ये असतो, म्हणजे गायला निमित्त मिळतं. 'सीझन्स चेंज' (२००६) तर सगळा माहिदोल विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात घडतो. पोरगा मुलीच्या मागे तिथे शिरतो आणि ड्रम वाजवतो.

थाई पोस्टरवर २५५५ असं साल आहे. छपाईची चूक? (नगर)

नाही. ते बुद्धसंवत आहे. ५४३ वजा करा, २०१२ येईल.

डीव्हीडीवर ऐकलेलं गाणं आणि ऑनलाइन ऐकलेलं तेच गाणं, पट्टी जुळत नाही. माझी बाजाची पेटी बरोबर आहे, तपासली. (मिरज)

पेटी बरोबरच आहे, दोष डीव्हीडीचा आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. थायलंडात, आपल्यासारखीच, टीव्हीची पाल पद्धत होती आणि ती २५ चौकटींची. डिस्क करताना जास्तीची चौकट आणायची कुठून? म्हणून सगळा सिनेमाच चार टक्के भरभर पळवतात. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज ७१ सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप) चढतो. पांढरी एकपासून काळी एकपर्यंतचं अंतर १०० सेंट धरलं, तर त्यातलं सत्तर टक्के. म्हणून पेटीवर ना ही पट्टी सापडते ना ती.

खात्री करायची तर गाणं घड्याळ लावून मोजा. ऑनलाइन चार मिनिटांचं गाणं डिस्कवर २३० सेकंदांत संपलं तर निदान पक्कं. काही डिस्कवर वेग वाढवूनही पट्टी जागेवर आणलेली असते. तिथे वेळ कमी भरेल पण सूर जुळेल, तेव्हा काही करू नका.

उपाय सोपा आहे. व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. पण त्याआधी ऑडिओच्या पर्यायांतलं 'टाइम-स्ट्रेचिंग' बंद करा. ते सुरू असेल तर प्लेअर वेग कमी करतो आणि पट्टी मात्र मुद्दाम चढीच ठेवतो. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

सबटायटल मागेपुढे होतात, त्याचंही मूळ हेच. डिस्कवरची सबटायटल फाइल २४ चौकटींच्या प्रतीला लावली तर तासाभरात ओळी अडीच मिनिटं पुढे पळतात. सुरुवातीला जुळवून घेतलं तरी पुढे पुन्हा बिघडतं, कारण फरक साठत जातो. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये चौकटींचा दर २५ वरून २४ करा, एका झटक्यात बसेल. मराठी सबटायटल करणाऱ्यांसाठी आणखी एक: फाइल यूटीएफ-८ मध्येच ठेवा आणि टीव्हीच्या यूएसबीवर आधी तपासा. पुष्कळ टीव्ही जोडाक्षरं फोडून वेलांट्या भलतीकडे टाकतात. तसं झालं तर ओळी चित्रातच छापून घ्याव्यात.

'द ओव्हरचर' पाहिला. रनात हे वाद्य मला सतत थोडं बेसूर वाटलं. कान माझा की वाद्य? मी बावीस वर्षं गाणं शिकतेय. (पुणे)

कान शाबूत आहे, म्हणूनच खटकलं. 'द ओव्हरचर' (थाई नाव 'होम रोंग', २००४) रनात-एक वाजवणाऱ्या सोर्न सिल्पबनलेंग या थोर वादकाच्या आयुष्यावर बेतलेला आहे. रनात-एक म्हणजे नावेच्या आकाराच्या खोक्यावर दोरीत ओवलेल्या २१ किंवा २२ पट्ट्या, लाकडाच्या किंवा बांबूच्या. दोन काठ्यांनी, बहुधा एकाच वेळी सप्तकाच्या अंतरावर वाजवतात.

थाई शास्त्रीय संगीतात सप्तकाचे सात भाग जवळजवळ सारखे असतात. आपल्याकडे सा-रे मोठं, ग-म लहान. तिथे सगळ्या पायऱ्या १७१ सेंटांच्या. तानपुऱ्याच्या अॅपवर सा २४० हर्ट्झ धरून स्वतः ऐका. थाई सूर येतात असे: २४०, २६५, २९३, ३२३, ३५७, ३९४, ४३५, ४८०. आपला शुद्ध गंधार ३०० वर, कोमल गंधार २८८ वर. थाई तिसरा सूर बरोबर मध्ये लोंबकळतो, धड हा नाही धड तो नाही. सातवा सूर आपल्या कोमल निषादाच्या किंचित वर. मध्यम ३२० ऐवजी ३२३, पंचम ३६० ऐवजी ३५७, त्यामुळे तिथे फारसं टोचत नाही. तुम्हाला खटकलं असणार ते गंधार आणि निषादावरच. हे आकडे गणिताचे आहेत. प्रत्यक्षात दर ताफ्याची बैठक थोडी निराळी असते, कारण सूर कानानेच लावतात.

लावतात कसे, तेही बघण्यासारखं. पट्टीच्या खालच्या बाजूला दोन्ही टोकांना मेणात शिशाचा कीस मिसळलेली गोळी चिकटवतात. गोळी वाढवली की सूर उतरतो, खरवडली की चढतो. तबल्याच्या शाईला वजन असतं तसंच हे वजन, फक्त रोज बदलता येणारं. उन्हात किंवा चित्रीकरणाच्या दिव्यांखाली मेण मऊ पडून गोळी गळाली की ती एकच पट्टी ओरडायला लागते.

त्याच सिनेमात घरात पियानो येतो आणि म्हातारा गुरू त्याच्यासोबत रनात वाजवतो. पियानोची पायरी शंभर सेंटांची, रनातची १७१ ची, म्हणजे कुणीतरी सरकायलाच हवं. पियानो तर सरकत नाही. अशा ठिकाणी रनातच्या गोळ्या बदलून तो पियानोला मिळवतात. किंवा सॉ दुआंग, सॉ ऊ ही दोन तारांची, पडदे नसलेली वाद्यं घेतात, ती हवी तिकडे वळतात. चाल पाच सुरांची निवडली तर भांडणाच्या जागा आणखी कमी होतात.

छिंगवर सम शोधतो, सापडत नाही. (मी तबला वाजवतो. इचलकरंजी)

उलट्या टोकाला शोधा. छिंग म्हणजे पितळी टाळ. उघडा आघात 'छिंग', दाबलेला 'छप्'. वजन दाबलेल्या 'छप्'वर असतं आणि ते आवर्तनाच्या शेवटी येतं. आपण पहिल्या मात्रेवर डोकं हलवतो, थाई वादक शेवटच्या मात्रेवर पोचतो. एकच चाल विलंबित, मध्य आणि द्रुत अशा तीन पायऱ्यांवर (साम छन्, सोंग छन्, छन् दिओ) वाजते, तेव्हा छिंग ऐकत राहिलं की पायरी कुठे बदलली ते लगेच कळतं.

आम्ही कॉलेजचे तिघं प्रेम आणि संगीत या विषयावर तीन गोष्टींचा एक सिनेमा करतोय, एकूण ४५ मिनिटं. थाई सिनेमांसारखी एकच धून तिन्हीत फिरवायची आहे. सुरुवात कुठून करावी? (कोल्हापूर)

धुनेपासूनच, आणि ती चित्रीकरणाआधी. नंतर बसवू म्हणणाऱ्यांच्या तीन गोष्टी तीन पट्ट्यांत येतात.

लय अशी निवडा की मात्रा चौकटींत पूर्ण बसेल. २४ चौकटींना मिनिटाला ७२ मात्रांची लय घेतली तर एक मात्रा बरोबर २० चौकटींची होते. ८० ला १८, ९० ला १६. ७५ घेतलीत तर १९.२ येतात आणि संकलक दर कापाला कपाळावर हात मारेल. ७२ च्या लयीत केरव्याची चार आवर्तनं म्हणजे ३२ मात्रा, ६४० चौकटी, सुमारे पावणेसत्तावीस सेकंद. एका धुनेला तेवढं पुरे. पहिल्या गोष्टीत ती कुणी शिट्टीवर वाजवेल, दुसरीत मोबाइलची रिंगटोन असेल, तिसरीत पूर्ण गाणं. पट्टी तिन्हीकडे एकच.

तिघांनी मोबाइलवर शूट करणार असाल तर धोका तिथेच आहे. मोबाइल चौकटींचा दर स्वतःच्या मनाने कमीजास्त करतो आणि दोन मिनिटांच्या गाण्यात ओठ आणि आवाज फारकत घेतात. दर पक्का ठेवणारं कॅमेरा अॅप वापरा. आधीच शूट झालं असेल तर हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल बदलून घ्या, मगच संकलनाला बसा. आवाज तिघांचाही ४८ किलोहर्ट्झवर. दर जागेवर कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. ती नसली तर प्रत्येक कापाला मागचा पंखा बंद-चालू होतो.

शेवटचं मिश्रण एकाच माणसाने करायचं. तिघांनी आपापलं केलं तर दुसऱ्या गोष्टीला आवाज कमीजास्त करायला प्रेक्षक रिमोट शोधतो. गोष्टींच्या मध्ये काळा पडदा आणि सन्नाटा ठेवू नका. पुढच्या गोष्टीचा आवाज चित्राच्या दीड-दोन सेकंद आधी सुरू करा. क्रमाबद्दल आमचं मत: सगळ्यात कमी वयाची गोष्ट पहिली ठेवायलाच हवी असं नाही, पण सगळ्यात संथ गोष्ट मधे ठेवली तर सिनेमा तिथेच बसतो.

आणि खरं थाई गाणं वापरायचा मोह होत असेल तर परवानग्या दोन लागतात, रचनेची वेगळी आणि ध्वनिमुद्रणाची वेगळी. स्वतः गाऊन घेतलंत तरी पहिली चुकत नाही. लेखी घ्या, त्यात मुदत, देश आणि कुठे दाखवणार हे नमूद करा. महोत्सवापुरती परवानगी घेऊन सिनेमा यूट्यूबवर चढवला की दावा आलाच समजा.

डिसेंबरात बँकॉकला जातोय. थिएटरात थाई सिनेमा बघता येईल का? भाषा येत नाही. (फोंडा, गोवा)

येईल. तिकीट काढताना खेळासमोरची दोन भाषांची खूण पाहा: आधी आवाजाची भाषा, मग सबटायटलची. 'टीएच/ईएनजी' म्हणजे थाई आवाज, इंग्रजी ओळी. मॉलमधल्या थिएटरांत थाई सिनेमांना असे खेळ बरेचदा असतात, पण सगळेच तसे नसतात. जाहिराती आणि झलका बराच वेळ चालतात. त्यानंतर सिनेमा सुरू होण्याआधी राजगीत वाजतं, तेव्हा उभं राहायचं, फोन खिशात. वयाच्या खुणा १३, १५, १८ अशा असतात आणि वीसच्या आतल्यांना पूर्ण मनाईची एक, तिथे ओळखपत्र मागतात. शाल न्या, आत गारठा असतो. आणि नामावली सुरू झाली की उठू नका, सिनेमाचं गाणं बहुधा तिथेच असतं.