डिस्ने वर्ल्डच्या भांडणात खरं पणाला काय लागलं होतं?

तुम्ही विचारलंय की पुढच्या वर्षी सात वर्षांच्या मुलीला घेऊन फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायला जायचं आहे, पण तिथे गव्हर्नर (राज्याचे निवडून आलेले प्रमुख) आणि कंपनीचं मोठं भांडण झालं म्हणे. मुलांच्या खेळण्याच्या जागेत राजकारण आलं कुठून?

मी चौदा वर्षं फ्लोरिडातल्या ओसिओला कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहतो. डिस्नेची हद्द माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. त्यामुळे माझं उत्तर थोडं वेगळं आहे. राजकारण तिथे २०२२ साली शिरलं नाही. ते १९६७ सालीच त्या जागेच्या पायाभरणीत घातलेलं होतं.

वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाच्या विधिमंडळाने त्यांच्या कंपनीसाठी 'रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' नावाची स्थानिक संस्था स्थापन केली. सुमारे २५,००० एकर जमीन, बरीचशी दलदलीची. त्या जमिनीवरचे रस्ते, सांडपाणी, अग्निशमन दल, बांधकामाचे परवाने, कर्जरोखे काढण्याचा हक्क, सगळं या संस्थेकडे. विमानतळ आणि अणुवीज केंद्र उभारायचीही मुभा होती. संस्थेचं मंडळ जमीनमालकांनी निवडायचं, आणि जमीन जवळजवळ सगळी डिस्नेची! आपल्याकडे लवासाच्या कंपनीला राज्य सरकारने विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला होता आणि २०१७ साली तो काढून घेतला, ते आठवत असेल. इथे त्याहून कितीतरी मोठा अधिकार पंचावन्न वर्षं एका कंपनीच्या हातात राहिला. पर्यटक येत होते, नोकऱ्या मिळत होत्या, त्यामुळे दोन्ही पक्षांचे गव्हर्नर खूश होते.

मग मार्च २०२२ मध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी शाळांविषयीच्या एका कायद्यावर सही केली. बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या वर्गात लैंगिक कल आणि लिंगओळख हे विषय शिकवायला त्यात बंदी होती. समर्थक म्हणत, हा पालकांचा हक्क आहे. विरोधकांनी त्याला 'डोन्ट से गे' ('गे' हा शब्द उच्चारू नका) असं नाव पाडलं. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब चेपेक आधी गप्प राहिले. कर्मचारी चिडले, काम सोडून बाहेर पडले. शेवटी कंपनीने जाहीर केलं की हा कायदा रद्द व्हायला हवा. त्यानंतर महिनाही उलटला नाही, तोच विधिमंडळाने रीडी क्रीक बरखास्त करायचा कायदा मंजूर केला.

त्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत शाळेच्या कायद्याबद्दल कुणी फारसं बोलत नव्हतं. संस्थेवर सुमारे १ अब्ज डॉलरचं कर्ज होतं, आणि संस्था बुडाली तर ते ऑरेंज आणि ओसिओला या दोन कौंट्यांच्या माथी येणार अशी भीती होती. ऑरेंज कौंटीच्या करवसुली अधिकाऱ्यांनी तर मालमत्ता कर २० ते २५ टक्के वाढवावा लागेल असं सांगितलं. गव्हर्नर आणि कंपनीच्या भांडणात बिल आमच्या घरी येणार होतं.

तशी वेळ आली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये संस्था बरखास्त करण्याऐवजी तिचं नाव बदललं आणि गव्हर्नरांनी नेमलेले पाच जण मंडळावर आले. पण जुन्या मंडळाने जाता जाता डिस्नेशी असा करार केला होता की नव्या मंडळाच्या हाती फारसं काही उरूच नये. त्यातल्या एका बंधनाची मुदत होती, इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या, करार झाला तेव्हा हयात असलेल्या वंशजांपैकी शेवटची व्यक्ती वारल्यानंतर २१ वर्षांपर्यंत! हे कलम कुणी गंमत म्हणून घातलेलं नव्हतं. कराराची मुदत अनंत ठेवता येत नाही म्हणून इंग्रजी कायद्याच्या परंपरेतले वकील राजघराण्याचा असा आधार घेतात. नव्या मंडळाने करार रद्द ठरवला, डिस्ने कोर्टात गेली. गव्हर्नर भर पत्रकार परिषदेत म्हणाले की पार्कशेजारच्या जमिनीवर तुरुंगही बांधता येईल. मे २०२३ मध्ये डिस्नेने ऑरलँडोजवळ लेक नोना इथे येऊ घातलेला जवळपास १ अब्ज डॉलरचा प्रकल्प रद्द केला. कॅलिफोर्नियातून सुमारे २,००० नोकऱ्या इथे यायच्या होत्या.

बोलल्याबद्दल आपल्याला शिक्षा केली, असा डिस्नेचा दावा होता. जानेवारी २०२४ मध्ये फेडरल (केंद्रीय) कोर्टाच्या न्यायाधीशांनी तो फेटाळला. कायदा वरून निर्दोष दिसत असेल तर तो करणाऱ्यांच्या मनात काय होतं हे कोर्ट तपासणार नाही, असा त्याचा अर्थ. मार्चमध्ये तडजोड झाली, जूनमध्ये १५ वर्षांचा नवा करार झाला, आणि डिस्नेने १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणुकीची तयारी दाखवली. दोघांचं जमलं ते जमीन, बांधकाम आणि पैसा यावर. शाळेच्या कायद्याविरुद्धची लढाई विद्यार्थी, पालक आणि शिक्षक वेगळ्या खटल्यात लढत होते. मार्च २०२४ मध्ये त्यांची सरकारशी तडजोड झाली: या विषयांवर वर्गात बोलायला हरकत नाही, पाठ म्हणून शिकवायचं नाही. ज्यांच्या जिवाला तो कायदा लागला होता त्यांनी आपलं आपण मिळवलं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि बातम्यांत तिला फार थोडी जागा मिळाली.

मला तो कायदा पटला नव्हता. कंपनीला स्वतःचं सरकार असावं हेही मला पटत नाही. पण पंचावन्न वर्षं न विचारलेला प्रश्न, कंपनीने तोंड उघडल्यावर शिक्षा म्हणून विचारला गेला, याचं मला भय वाटतं. उद्या दुसऱ्या पक्षाचा गव्हर्नर दुसऱ्या कंपनीला हेच करेल.

अमेरिकेतल्या अशा पार्कांत झेंड्यांवरून आणि राइड्सवरूनही भांडणं झाली, ती वेगळ्या जातीची. टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कच्या नावातले सहा झेंडे म्हणजे त्या भूमीवर राज्य केलेल्या सहा सत्ता. त्यात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचाही झेंडा होता. ऑगस्ट २०१७ मध्ये पार्कने सहाही झेंडे उतरवले आणि सगळीकडे अमेरिकेचाच लावला. डिस्नेची 'स्प्लॅश माउंटन' ही राइड १९४६ च्या ज्या चित्रपटावर बेतली होती, त्यात गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसांचं आयुष्य गोडगोड करून दाखवलेलं होतं. २०२० साली ती बदलायचं जाहीर झालं तेव्हा हजारो लोक हळहळले. त्यातले अनेक जण वंशद्वेषी मुळीच नव्हते. त्यांनी आपल्या वडिलांच्या मांडीला चिकटून तो उतार पाहिला होता. आठवणीला हात लागला की माणूस दुखावतो, हे मी समजू शकतो. तरीही बदल योग्य होता असंच मला वाटतं. काळ्या मुलींना आपल्यासारखी दिसणारी, न्यू ऑर्लिन्सची राजकन्या टियाना आता तिथे भेटते.

तुम्ही निश्चिंत या. आत कुणीही तुम्हाला तुमचा पक्ष विचारणार नाही. ती नवी राइड, 'टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर', जून २०२४ पासून सुरू आहे. मुलीची उंची ४० इंच असायला हवी. सात वर्षांची आहे म्हणजे बसेलच. शेवटी सुमारे ५० फुटांवरून पाण्यात कोसळायचं असतं, तेव्हा तिच्यासाठी कपड्यांचा एक जोड पिशवीत ठेवा.