‘अतिरेकी’ विचार, ‘जहाल’ मतं आणि पाळत-राखण यांतला फरक

सावंतवाडीकडच्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे. विषय इंग्रजीतून आला, ब्रिटनमधल्या विद्यापीठांबद्दलचा. स्पर्धा मराठीत, म्हणून मराठी शिकवणाऱ्या बाईंनी तो असा केला: ‘विद्यापीठांनी विद्यार्थ्यांच्या अतिरेकी विचारांवर देखरेख ठेवावी का?’ त्यांनी मला तीन शंका विचारल्या आहेत. एक्स्ट्रीमिस्टला ‘अतिरेकी’ चालेल का, मॉनिटरिंगला ‘देखरेख’ म्हणावं की ‘पाळत’, आणि फ्री स्पीचला ‘भाषणस्वातंत्र्य’ पुरतं का.

पहिल्या शंकेचं उत्तर मी ठामपणे ‘नाही’ असं देईन.

‘अतिरेक’ हा शब्द मुळात निरुपद्रवी. रिक्त, अतिरिक्त, अतिरेक हे सगळे ‘रिच्’ या एकाच संस्कृत धातूचे. भरून वर उरलेलं ते अतिरिक्त, आणि प्रमाणाबाहेर गेलेलं तो अतिरेक. गोडाचा, लाडांचा, कौतुकाचासुद्धा अतिरेक होतो. पण त्याला ‘ई’ लागून ‘अतिरेकी’ झालं की मराठी कानाला दुसरंच ऐकू येतं. 1980 च्या दशकात पंजाबच्या आणि पुढे काश्मीरच्या बातम्यांतून हा शब्द घरोघर पोचला, तो बंदूकधारी माणसासाठी. ‘दोन अतिरेकी ठार’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलं आहे, की त्या शब्दाला दुसरा अर्थ उरलेला नाही. ‘अतिरेकी विचारांचा विद्यार्थी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुस्तक घेतलेला मुलगा येतच नाही.

हे मी पाहिलेलं आहे. नव्वदच्या दशकात गुहागर तालुक्यात एनरॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाविरुद्ध वातावरण तापलेलं होतं. आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाने भित्तिपत्रकात प्रकल्पाविरुद्ध कडक भाषेत लेख लिहिला. लेख उतरवला गेला, आणि वसतिगृहाच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘अतिरेकी विचारांचा’ असा शेरा पडला. लिहिणाऱ्याला बहुधा ‘फार टोकाचं लिहितो’ एवढंच म्हणायचं असावं. पण पुढे वर्षभर त्या मुलाच्या खोलीत बसायलाही पोरं कचरत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो, ‘विचार’ असा नसतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मला ते आजही बोचतं.

गंमत म्हणजे याच इंग्रजी शब्दाला मराठीने त्याआधी ऐंशीएक वर्षं वेगळा शब्द दिलेला होता. काँग्रेसमधल्या एक्स्ट्रीमिस्ट आणि मॉडरेट गटांना मराठीने ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ म्हटलं. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेला दोघांची फाटाफूट झाली. जहालांचे पुढारी टिळक रत्नागिरीत जन्मलेले, मवाळांचे पुढारी गोखले त्याच जिल्ह्यातल्या कोतळूकचे. दोन्ही टोकं एकाच किनाऱ्याची.

‘जहाल’ हा शब्द मला फार आवडतो. विष जहाल असतं, तसं औषधही जहाल असतं, आणि मिरचीही. तो शब्द तीव्रता सांगतो, गुन्हा सांगत नाही. टिळकांनी जानेवारी 1907 मध्ये कोलकात्याच्या भाषणात या नावांबद्दल सांगितलं होतं, की ती काळाबरोबर सरकतात. आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. दीड वर्षाने, 1908 मध्ये, राजद्रोहाखाली त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं गेलं. त्याच मंडालेचा पदच्युत राजा थिबा तेव्हा रत्नागिरीत इंग्रजांच्या पहाऱ्यात दिवस काढत होता.

मात्र स्पर्धेच्या विषयात ‘जहाल’ही घालू नये. त्याला आता स्वातंत्र्यलढ्याचा मान चिकटला आहे, आणि विषय एका बाजूला झुकेल. ‘कट्टर’ही नको, ‘कट्टर कार्यकर्ता’ हे आपण कौतुकानेही म्हणतो. ‘मूलतत्त्ववादी’ निराळा, तो धर्मग्रंथाकडे बोट दाखवतो. ‘टोकाची मतं’ हा साधा प्रयोग इथे सगळ्यात प्रामाणिक. मत टोकाचं आहे एवढंच तो सांगतो, मत बाळगणाऱ्याचा निवाडा करत नाही.

ब्रिटनमध्येही खरी अडचण शब्दाचीच आहे. तिथल्या 2015 च्या दहशतवादविरोधी कायद्याने विद्यापीठांवर कर्तव्य टाकलं, की लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याकडे लक्ष द्यावं. ‘प्रिव्हेंट’ म्हणतात ते हेच. कायद्यातला शब्द दहशतवाद. पण सरकारी मार्गदर्शनात त्याच्या जोडीला एक्स्ट्रीमिझम आलं, अगदी हिंसेविना असलेलंसुद्धा. 2011 च्या धोरणात त्याची व्याख्या होती: मूलभूत ब्रिटिश मूल्यांना बोलून किंवा कृतीने केलेला विरोध. त्यातल्या ‘बोलून’वरच तिथले प्राध्यापक आणि विद्यार्थी अडले. 2024 मध्ये सरकारने व्याख्या बदलली आणि हिंसा, द्वेष, असहिष्णुता यांवर आधारलेल्या विचारसरणीचा प्रसार असं तिचं रूप केलं.

‘ओढले जाणे’ या क्रियापदाकडेही बघा. आपण सहज म्हणतो ‘वाईट नादाला लागला’. त्यात दोष मुलाचा. ओहोटीला आपल्या किनाऱ्यावर सांगतात, ‘आत जाऊ नका, पाण्याला ओढ आहे’. तिथे दोष पाण्याचा. तो कायदा मुलाला दुसऱ्या नजरेने बघतो, निदान शब्दांत तरी. म्हणून ‘दहशतवादाकडे ओढले जाणे’ असंच भाषांतर करावं, ‘नादी लागणे’ नको.

आता दुसरी शंका. ‘देखरेख’ कामावर असते: बांधकामावर, मजुरांवर, परीक्षेवर. मतावर देखरेख हे मराठीत बसत नाही. ‘पाळत’ माणसावर असते, आणि ती चोरून असते. ज्याच्यावर आहे त्याला कळलं की पाळत फसली. लंडनच्या इंडिया हाउस या वसतिगृहातल्या भारतीय विद्यार्थ्यांवर शंभरेक वर्षांपूर्वी स्कॉटलंड यार्डच्या हेरांची होती ती पाळत. तिथे राहिलेले सावरकर पुढे 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांना जिल्ह्याबाहेर जाण्याची आणि राजकारणात पडण्याची बंदी होती, आणि ते त्यांना सांगितलेलं होतं. उघड निर्बंध आणि पाळत हे दोन वेगळे प्रकार आहेत.

पण आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे, ‘राखण’. हापूसची कैरी धरली की बागेत राखण बसते. राखणाऱ्याची नजर वानरांवर आणि चोरांवर, झाडावर तो संशय घेत नाही. गावाचा राखणदार, म्हणजे कोकणातला गाव राखणारा देवही रात्री वेस राखतो तो गावकऱ्यांसाठी, आणि त्याला वर्षाची राखण, म्हणजे मानाचा नैवेद्य, दिली जाते ती याच भरवशावर. ब्रिटनमधला सगळा वाद या दोन शब्दांत मावतो. सरकार म्हणतं आम्ही मुलांची राखण करतो, विरोधक म्हणतात तुम्ही मुलांवर पाळत ठेवता. माझं मत विचाराल तर, जिच्यामुळे मुलगा वर्गात प्रश्न विचारायचा थांबतो तिला राखण म्हणता येत नाही, हेतू कितीही चांगला असो.

‘भाषणस्वातंत्र्य’ थोडक्यात. मराठीत भाषण म्हटलं की व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपक येतो. वर्गातली शंका, भिंतीवरचा कागद, कट्ट्यावरची चर्चा त्यात मावत नाही. म्हणून ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ घ्या; आपल्या राज्यघटनेच्या 19 व्या अनुच्छेदात भाषण आणि अभिव्यक्ती हे दोन्ही शब्द आहेत. ‘बोलण्याची मुभा’ मात्र लिहू नका. मुभा कुणीतरी देतं आणि परत घेतं. इंग्लंडमध्ये तर 1986 च्या कायद्यापासूनच कायद्याच्या चौकटीतलं बोलणं सुरक्षित ठेवणं हे विद्यापीठांचं कर्तव्य आहे. 2015 च्या कायद्यातही दोन वेगळी विशेषणं आहेत: दहशतवाद रोखण्याकडे ‘यथोचित’ लक्ष, आणि अभिव्यक्तीच्या त्या कर्तव्याकडे ‘विशेष’ लक्ष. स्पर्धकांना या दोन विशेषणांवर पाच मिनिटं सहज बोलता येईल, तेव्हा भाषांतरात ती एकच करू नयेत.

तर बाई, विषय असा लिहा: ‘टोकाची मतं मांडणाऱ्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठांनी लक्ष ठेवावं का?’ ‘लक्ष ठेवणे’ आईही म्हणते आणि फौजदारही म्हणतो, म्हणून ते इथे योग्य. राखण की पाळत हे अनुकूल आणि प्रतिकूल बाजूच्या मुलांना आपापल्या भाषणात ठरवू द्या.