जुन्या स्मार्ट टीव्हीला वायरलेस कीबोर्ड जोडता येतो का?

तुमचा टीव्ही 2014 चा आहे, मेनूत ब्लूटूथ दिसतं पण कीबोर्ड काही सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. लोकवर्गणीतून घेतलेल्या असल्याच एका टीव्हीवर मी यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या ब्लूटूथच्या मागे लागणं सोडा. त्या काळातल्या बऱ्याच टीव्हींमधलं ब्लूटूथ फक्त स्पीकर, हेडफोन किंवा कंपनीच्या स्वतःच्या रिमोटसाठी असतं. मेनूत नाव असलं तरी कीबोर्ड घेण्याची सोय आत नसते. यूएसबीचा वेगळा ब्लूटूथ अडॅप्टर आणून लावाल, तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, टीव्हीत नसल्यामुळे तोही बहुधा चालणार नाही. टीव्ही अँड्रॉइडचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. सेटिंगमध्ये रिमोट आणि अ‍ॅक्सेसरीजमध्ये जाऊन जोडून पाहा. पडद्यावर आकडे आले तर तेच कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं.

तुम्हाला हवा तो छोट्या यूएसबी रिसीव्हरचा 2.4 गिगाहर्ट्झवाला कीबोर्ड. त्यात जोडणी कीबोर्ड आणि रिसीव्हर यांच्यातच झालेली असते, टीव्हीला वाटतं की साधा वायरचा कीबोर्ड लागलाय. म्हणूनच पैसे घालण्याआधी ग्रामपंचायतीतून किंवा शेजाऱ्याकडून वायरचा यूएसबी कीबोर्ड तासाभरासाठी मागून आणा आणि टीव्हीला लावून पाहा. तो चालला तर रिसीव्हरवालाही बहुतेक चालतोच. नाही चालला, तर दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावा, काही टीव्हींत एक पोर्ट फक्त सर्व्हिससाठी असतो. आणि पाहताना टीव्हीचा ब्राउझर उघडून तिथे टाइप करा. कीबोर्ड ब्राउझरमध्ये चालतो आणि एखाद्या अ‍ॅपमध्ये चालत नाही, असं जुन्या टीव्हीत होतं. तो बिघाड नाही.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. चोरीच्या भीतीनं आमचा टीव्ही लोखंडी पेटीत बसवलाय, तास संपला की कुलूप. रिसीव्हर टीव्हीच्या मागे, म्हणजे चारही बाजूंनी पत्रा. सहावीतली एक मुलगी मागच्या बाकावरून इंग्रजी अक्षरांत ‘कापूस’ लिहायला लागली, तर पी आलाच नाही आणि ए सात-आठ वेळा उमटला. पोरगी घाबरली, मॅडम ओरडतील म्हणून हात मागे घेतला. मला वाटलं सेल संपले. नवे सेल टाकले, तरी तेच. की सोडल्याचा संदेश मध्येच हरवला की टीव्हीला की दाबलेलीच वाटते आणि अक्षर छापत राहतं, हे नंतर लक्षात आलं. मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन वायर घेतली, रिसीव्हर पेटीच्या बाहेर समोरच्या कडेला चिकटपट्टीनं लावला. तेव्हापासून शेवटच्या बाकावरूनही एक अक्षर चुकत नाही. तुमचा टीव्ही भिंतीला टेकून असेल तरी ही वायर घ्याच.

रिसीव्हर सांभाळा, बाप्पा. तो हरवला तर साध्या कीबोर्डाला दुसरा जुळत नाही. लॉजिटेकच्या युनिफाइंग प्रकारात मात्र तसलाच दुसरा रिसीव्हर संगणकावरून जोडता येतो. आम्ही काम झालं की तो सेलच्या खाचेत ठेवतो, बऱ्याच कीबोर्डांना तिथे जागा असते.

वायरचा कीबोर्डही चाललाच नाही, तर टीव्ही बदलू नका. एचडीएमआयमध्ये लागणारी अँड्रॉइड टीव्ही किंवा फायर टीव्हीची स्टिक, म्हणजे टीव्हीला स्मार्ट करणारं छोटं उपकरण, घ्या, त्यांना ब्लूटूथ कीबोर्ड सरळ जोडतो. फक्त स्टिकला वीज तिच्या स्वतःच्या अडॅप्टरमधून द्या. टीव्हीच्या जुन्या यूएसबी पोर्टातून साधारण 500 मिलिअँपियरच मिळतात. तेवढ्यावर स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि तुम्ही दोष कीबोर्डाला देत बसाल.