डोळ्यांखालचे खळगे आणि लग्नाची घाई

प्रश्न : डॉक्टर, मी खानापूरची, वय 46. डोळ्यांखाली खळगे पडलेत, घडीही दिसते. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. बेळगावात एका पार्लरमध्ये ‘इंजेक्शन घ्या, अर्ध्या तासात भरून येईल’ म्हणाले. घेऊ का?

उत्तर : ताई, पार्लरमध्ये मुळीच नको. लग्नसराईत अशा घाईत आलेल्या बायका मी पाहते, म्हणून कळकळीनं सांगते. ते इंजेक्शन म्हणजे बहुधा हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे खळगा भरायला कातडीखाली सोडायचं जेल. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, क्वचित दृष्टीही जाते, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेझ जवळ असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा.

आधी खिडकीपाशी आरसा घ्या, हनुवटी वर करा, उजेड थेट तोंडावर पडू द्या. सावली पुसली गेली तर तो खळगा. तिथे फिलर चालतं, बहुधा वर्षभर तरी टिकतं. काळेपणा तसाच राहिला तर तो रंगाचा दोष, फिलरनं जाणार नाही. सकाळी उठल्यावर तिथे सूज असते का, तेही बघा. असेल तर फिलर पाणी धरून ती वाढवतं. चरबीची पिशवी आणि सैल कातडी असेल तर खालच्या पापणीचं ऑपरेशन. काळंनिळं उतरायला दोनेक आठवडे लागतात, सूज पूर्ण जायला त्याहून जास्त. ते लग्नानंतरच करा.