घड्याळाचा काटा थांबतोय का?

प्रश्न: काम करता करता मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं की सेकंदकाटा आधी जरा थांबल्यासारखाच वाटतो, मग नीट पळतोय. सेल उतरलाय की माझं डोकं? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: दोन्ही ठणठणीत आहे ओ! नजर उडी मारते तेव्हा मधलं धूसर चित्र मेंदू दाबून टाकतो आणि ती गाळलेली जागा नंतर दिसलेल्या काट्यानंच भरतो, जणू काटा आधीपासूनच दिसत होता, म्हणून पहिला सेकंद लांबतो. २००१ साली 'नेचर' या विज्ञानाच्या मासिकात यावर शोधनिबंधपण आलाय. मेंदूचं हे दाबणं अनुभवायचं असेल तर आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडं बघा, बुबुळ हललेलं दिसणारच नाही, शेजारच्याला मात्र स्पष्ट दिसतं. सेल्फी कॅमेरा नको, तो जरा उशिरा दाखवतो, त्यात हलताना सापडतं.