रस्त्याचं अंतर मॅप सेवेकडून मागवताना उत्तर जेसनमध्ये घ्यावं की एक्सएमएलमध्ये? फॉरमॅटमुळे अंतर चुकतं का?

जेसन घ्या. (दोन्ही म्हणजे सेवेचं उत्तर लिहून पाठवायचे साचे.) घाईत असाल तर एवढंच पुरे. पण "फॉरमॅटमुळे अंतर चुकतं का" हे माझं जुनं दुखणं आहे, म्हणून लिहितोय.

आमच्या सावद्यात केळीच्या एका व्यापाऱ्याला मी भाड्याचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. गाडी भरली की सावदा ते सुरत किती किलोमीटर, गुणिले दर, चिठ्ठी तयार. रस्ता मॅप सेवेकडून मागवायचो, उत्तर एक्सएमएलमध्ये. तेव्हा मला तेवढंच वाचता यायचं. नकाशावर निळी रेघ काढायला उत्तरात जी ओव्हरव्ह्यू पॉलिलाइन (रस्त्यावरचे बिंदू सांकेतिक अक्षरांत) येते ना, तीच मी उलगडली, बिंदूपासून बिंदूपर्यंत मोजलं आणि बेरीज मारली. फार शहाणपणा केला असं वाटलं होतं.

दोन महिने निभावलं. मग साक्रीकडच्या एका ड्रायव्हरने चिठ्ठी माझ्यासमोर आपटली. "तुना नकाशामा कोंडाईबारीना घाट नही शे का भो?" गाडीचं मीटर आणि चिठ्ठी यात फेरीमागे सात किलोमीटरची तफावत. घाटाचा भाग मोठा करून बघितला, तर रस्ता डोंगराला वळसे घालतोय आणि माझी रेघ डोंगरातून आरपार. अख्खा रस्ता एका स्क्रीनवर दिसावा एवढ्यासाठीच ही रेघ असते. रस्ता जितका लांब, तितकी वळणं जास्त छाटलेली. खरं अंतर त्याच उत्तरात प्रत्येक लेगखाली, म्हणजे दोन थांब्यांमधल्या टप्प्याखाली, मीटरमध्ये लिहिलेलं होतं. ड्रायव्हरांचे मागचे पैसे व्यापाऱ्याने दिले, पण मला महिनाभर ऐकवून.

त्या हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला पुण्याचा मावसभाऊ आला होता. हातात कळण्याची भाकरी, आणि सगळ्यांदेखत निदान: "एक्सएमएल वापरतोस ना, म्हणून." मी रात्री घरी येऊन तोच रस्ता जेसनमध्ये मागवला. तीच रेघ, तेच सात किलोमीटर कमी. त्याला पाठवलं, त्याचा नुसता अंगठा आला. अजून घरातल्या लग्नकार्यात तो "याचं एक्सएमएलचं लफडं" म्हणून किस्सा सांगतो.

तर डबा कोणताही असो, आतलं काय उचलता ते बघा. लेगचं अंतर घ्या, तेही आकड्याचं. "किमी" लिहिलेला मजकूर माणसाला दाखवायला असतो, त्यावर हिशेब करू नका. मध्ये धुळ्याला थांबा टाकला की लेग दोन होतात, पहिलाच वाचून मोकळे होऊ नका.

अंतर खरोखर चुकतं ते क्रमामुळे. गूगलला अक्षांश आधी लागतो, ओएसआरएम (रस्ता शोधणारी मुक्त प्रणाली) आणि जिओजेसनला (नकाशाच्या माहितीचा जेसन) रेखांश आधी. जळगाव म्हणजे अक्षांश २१.०१, रेखांश ७५.५६. उलटं टाकलंत तर केळी स्वालबार्डच्या दक्षिणेला आर्क्टिकच्या पाण्यात उतरतील. रेघ हवीच असेल तर ओएसआरएममध्ये ओव्हरव्ह्यू 'फुल' मागा. जीपीएक्स हा तिसरा साचा फक्त हातातल्या जीपीएस यंत्रात रस्ता भरायचा असेल तर. ओपनराउटसर्व्हिस ही मॅप सेवा ते थेट देते.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: गूगलची जुनी डायरेक्शन्स सेवा मार्च २०२५ पासून 'लेगसी'त, म्हणजे जुन्या सेवांच्या यादीत गेली. नव्या राउट्स सेवेला वेबवरून विचारलं की उत्तर जेसनमध्येच येतं, एक्सएमएलचा पर्यायच नाही. शिवाय कोणते रकाने हवेत ते विनंतीतच सांगावं लागतं, नाहीतर एरर. म्हणजे मावसभाऊ आता तसा बरोबर ठरलाय, पण कारण त्याचं नाही.

तुमची गाडी ट्रक असेल तर गूगलचं हे अंतर कारच्या रस्त्याचं आहे. अवजड वाहनांना बंद असलेला घाटही त्यात बिनदिक्कत येतो.